रमेशभाऊंची वाटी

मंचर, गुरुवार, दिवेलागण

दूध कोमट होऊन गेलं तरी मी दही लावायचं सोडून बसलेय. भाऊंची ती वाटी डोळ्यांपुढून हलत नाय.

गल्लीतली डेअरी रमेशभाऊंची, चालायची त्यांच्या आईच्या विरजणावर. कुणाचं विरजण संपलं की वाटी घेऊन फाटकाशी जायचं, भाऊ चमचाभर दही तसंच द्यायचे. गेल्या वर्षी त्यांनी डेअरी मुंबईच्या गुंतवणूक फंडाला विकली. फंड ती फुगवून पुढं दुसऱ्याला विकणार म्हणे. दह्याच्या डब्यावर आईचा फोटो अजून आहे. डबा लहान झाला, किंमत तीच, आणि त्या दह्यानं घरी दही लागतच नाय! मी तो डबा आणणंच सोडलं. माझ्याकडं तेव्हा फाटकावरनं आणलेलं जुनं विरजण आहे, रोज त्यातलंच पुढं लावते.

आज दारात भाऊ. हातात वाटी. स्वप्नातच आहे की काय मी?

"ताई, विरजण देता का? आमच्या डब्यातल्यानं दही लागंना."

दोन चमचे घातले. भाऊंनी वास घेतला, कितीतरी वेळ.

"आईचंच हाय हे," म्हणाले.

मग दिवा विझू नये तसा वाटीवर हात धरून हळूहळू गेले. डेअरीच्या फाटकापुढून.