दारावरची फुली

८ जानेवारी २००७, सोमवार

धम्मदिनाचा घसा पार बसला. सकाळपासून खुणांनी बोलतेय. मीठ हवं तर बोटं चोळते, पाणी हवं तर अंगठा तोंडाला. आई म्हणाली, असाच राहू दे दोन दिवस, घर कसं शांत आहे.

काल पोलिओचा रविवार होता. शाळेच्या गाईड पथकातल्या मुली उजाडायलाच बूथवर हजर. डोस पाजायला अंगणवाडीच्या ताई असतात. मुलींचं काम आयांना बोलावून आणायचं. थाळ्या वाजवत गल्लीगल्लीतून ओरडत गेल्या — "दोन थेंब पाजाल, बाळ धावेल! दोन थेंब चुकाल, बाळ लंगडेल!" घोषणा धम्मदिनाने स्वतः जुळवलेली. मी शिलाई मशीन थांबवून दुकानाच्या दारात उभा राहिलो. पंधरा वर्षांची माझी बहीण, आणि अख्खी गल्ली तिचं ऐकते! मी गिऱ्हाइकाला 'उद्या या' सांगायचं तरी आधी मनात घोकून घेतो.

रातपाळी करून आलेले बाप झोपलेले असतात, दार वाजवलं की चिडतात. म्हणून या मुलींनी आधीच आयांशी ठरवून ठेवलं होतं — दाराला बाहेरून ओढणी बांधा, म्हणजे तिथे थाळी थांबवून आम्ही हळू हाक मारू. हे कुठल्या पुस्तकात नसणार.

१० जानेवारी

बूथ झाला की घरोघर फिरणं. घरातली सगळी मुलं झाली तर दारावर खडूने 'पी', एखादं राहिलं तर फुली. आमच्या मागच्या चाळीत एकच फुली उरली आहे. विठू जॉबरचं घर. बिघडलेले लूम दुरुस्त करतो तो. घरात दीड वर्षाचा मुलगा आहे.

आज धम्मदिना आणि पथकातली तिची मैत्रीण क्षितिजा पुन्हा गेल्या. दारात उभं राहून घोषणा दिली. आतून विठू म्हणाला, "गानं झालं का तुमचं? झालं आसंल तर जावा फुडं. हितं कोन बहिरा न्हाय."

क्षितिजा हसत हसत त्याची नक्कल करून दाखवत होती. धम्मदिना हसली नाही. मी म्हटलं, एक घर राहिलं तर राहू दे. ती म्हणाली, दादा, तू सदऱ्याला एक काज कमी ठेवतोस का?

१४ जानेवारी

विठूकडे आज परत. फुली तशीच.

२१ जानेवारी, रविवार

पथकाच्या तरे बाईंनी नवीनच काढलंय. बावीस फेब्रुवारीला गाईडचा चिंतन दिन असतो, त्या दिवशी वर्षभराच्या कामाचे सेवा बॅज देणार. दरवर्षी कुणी पुढारी येतो, तासभर बोलतो, मुलींची नावं चुकीची घेतो. यंदा पुढारी नाही. जिची जिची सेवा झाली त्यातलं एक माणूस प्रत्येक मुलीने बोलवायचं, आणि बॅज त्या माणसाने लावायचा. माणूस आलं नाही तर बॅज त्या दिवशी नाही.

मला हे फार आवडलं. वाटलं, शाळा सुटली नसती तर मीही स्काऊटमध्ये असतो. आठवीपर्यंत सुतळीच्या गाठी येत होत्या मला.

क्षितिजा सीताबाईंना आणणार. त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला ही पोर दर वेळी दवाखान्यात सोबत गेली, औषध घालायला रोज घरी गेली. स्वतःच्या आजीचं तरी कुणी इतकं करतं का!

धम्मदिनाला विचारलं, तू कुणाला? म्हणाली, विठू जॉबरला. आई भाकरी थापता थापता थांबली. "त्याला? तो तुझ्या झग्याला टाचणी लावंल का गळ्याला?"

मला झोप येणार नाही आज. सगळ्यांच्या पुढे एकटी उभी राहील ही.

३० जानेवारी

काय झालं ते नीट लिहितो.

दुपारी विठू दुकानात आला. मी धम्मदिनाचा भाऊ हे त्याला माहीत नसावं. बरोबर मुलगी होती, दहाएक वर्षांची. पडघ्याला लग्न आहे म्हणाला, हिचा झगा पायाच्या घोट्यापर्यंत लांब कर. मी म्हटलं, एवढा लांब चालताना अडकेल. तो म्हणाला, "आडकूं दे. पाय झाकला पायजे."

माप घ्यायला खाली वाकलो तेव्हा दिसलं. डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट, मांडीपर्यंत. पाय काडीसारखा. मुलगी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती, मी उठेपर्यंत. तिचं नाव भाविका. मी शाळा विचारली तर बापाने उत्तर दिलं — सोडवली. पोरं चिडवतात.

हिच्या वेळी डोस चुकला म्हणाला. तेव्हा तो कामासाठी गाव सोडून फिरत होता. मी विचारलं नव्हतं. तोच बोलला, कात्रीकडे बघत.

आणि याच्या दारात आमच्या मुली पुन्हा पुन्हा जाऊन ओरडत होत्या — दोन थेंब चुकाल, बाळ लंगडेल. आत ती मुलगी बसलेली. बापही.

३१ जानेवारी

गिऱ्हाइकाच्या घरचं बाहेर सांगू नये. पण सांगितलं. रात्रभर विचार करून सांगितलं.

धम्मदिना ताटावरून उठली. दाराशी जाऊन बसली. मला वाटलं रडेल. रडली नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे तो ऐकत होता. आम्हाला वाटलं, ऐकतच नाही."

२ फेब्रुवारी

तिने पथकात उभं राहून सगळ्यांना सांगितलं, घोषणा माझी होती आणि ती वाईट होती. कुणाच्या दारात म्हटली ते मात्र सांगितलं नाही. तरे बाई म्हणाल्या, मीच पाठ करून घेतली होती की. घोषणा बंद. आता नुसती थाळी. हे क्षितिजाने मला सांगितलं. धम्मदिना घरी स्वतःबद्दल काही सांगत नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

आज पोलिओची दुसरी फेरी. मी दुकान उशिरा उघडलं आणि मागच्या चाळीत नळापाशी जाऊन उभा राहिलो, रिकामी बादली घेऊन. काळजीने, दुसरं काही नाही.

मैत्रिणींना आणि डोस घेऊन आलेल्या अंगणवाडीच्या ताईंना तिने लांब थांबवलं. एकटी गेली. दार अर्धं उघडं होतं, उंबऱ्यात भाविका बसली होती. धम्मदिना तिच्यासमोर खाली बसली, गणवेश मातीत.

"मी ओरडायचे ना इथे, ते मीच जुळवलं होतं. चुकलं माझं. आता ते कुणी म्हणणार नाही."

मुलीने बराच वेळ तिच्या स्कार्फकडे पाहिलं. "मंग आता काय म्हनता?"

"काही नाही. थाळी वाजवतो नुसती."

"दे. मी वाजवते."

आणि वाजवली! उंबऱ्यातच बसून, चमच्याने, अशी बडवली की समोरच्या ठमाबाई बाहेर येऊन विचारू लागल्या, कुणाकडे बारसं आहे. सगळ्या हसल्या. भाविकाही. तेवढ्यात विठू आतून बाळाला घेऊन आला. अंगणवाडीच्या ताईंपुढे बाळ धरलं. ताईंनी थेंब पाजले, करंगळीला शाई लावली. धम्मदिनाने स्वतःच्या हाताने फुली पुसली.

बादली रिकामीच घेऊन आलो. आई म्हणाली, नळाला पाणी नव्हतं का?

१८ फेब्रुवारी

धम्मदिना विठूला बोलवायला गेली. तो म्हणाला, ड्युटी हाय. मग म्हणाला, हात ग्रीसचे, तिथं मोठी लोकं. दार लावलं नाही, पण येतो असंही म्हणाला नाही.

आई म्हणाली, ठमाबाईंना सांग, त्या नाचत येतील. मी म्हटलं, अंगणवाडीच्या ताई आहेत. तरे बाईंनाही ते चालणार होतं. धम्मदिना ऐकत नाही. म्हणते, ज्याला लागलं त्यालाच बोलवायचं. तो नाही आला तर माझा बॅज झालेलाच नाही.

मी तिचा गणवेश उसवून पुन्हा शिवला. चांगला होता तरी.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

शाळेचं मैदान भरलं होतं. आई आज वळ गावच्या गोडाऊनला कामाला गेली नाही, माझ्या शेजारी बसली, पदर सारखा नीट करत.

सीताबाईंनी क्षितिजाचा बॅज उलटा लावला. सगळे हसले तेव्हा त्या म्हणाल्या, डोळा तिनेच दिलाय, तिला चालेल. एका मुलीचा बॅज भाजीवालीने लावला, कारण ही पोर तिच्या मुलाचा अभ्यास वर्षभर घेत होती. भाजीवाली टाळ्या थांबल्या तरी खाली उतरेना. मी इतकी माणसं एवढ्या छोट्या मुलींचे हात धरून उभी राहिलेली कधी पाहिली नव्हती. या मुलींनी हे सगळं केलं तेव्हा कुणी बघत नव्हतं.

मग नाव आलं — धम्मदिना. ती वर गेली. बाईंनी तिचं काम वाचलं. समोरून कुणी उठलं नाही. बाई थांबल्या. मी उठून उभा राहिलो, म्हटलं मीच लावतो, भाऊ आहे. तिने वरूनच माझ्याकडे पाहून मान हलवली. नको.

बाईंना सॅल्यूट करून ती खाली आली. तशीच. छातीवर काही नाही. मान सरळ. पुढच्या मुलीचं नाव आलं तेव्हा सगळ्यांत मोठी टाळी तिचीच.

माझा सगळा राग विठूवर. घरी आल्यावर विचारलं, वाईट वाटलं का? "वाटलं," म्हणाली, आणि भांडी घासायला बसली.

मला तिच्याएवढं होता येणार नाही. ती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे.

२३ फेब्रुवारी

दुकान उघडायच्या आधीच फळीवर विठू बसलेला, शेजारी भाविका. रातपाळीहून सरळ आलेला. म्हणाला, काल आम्ही दोघं गेटापाशी हुतो. सगळं बगितलं. आत यायला पाय उचलंना. मग म्हणाला, "तुमच्या ताईला हाक मारा. बिल्ला आमची भाविका लावनार हाय. आन् हिचं माप घ्या — त्या पोरींचा हाय तसला डिरेस, गुडघ्यापत्तूर. सोमवारी शाळंत नाव घालतो."