वाघगल्लीचा साधार इतिहास

४ जानेवारी
सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत 'आपला परिसर' हा लेख माझ्याकडे. सेक्रेटरी केयूर म्हणाला, "काका, दोन पानं भरा, काहीही चालेल." काहीही चालणार नाही! बोरिवलीच्या या भागात ऐकीव गोष्टींचा नुसता सुळसुळाट. पुरावा असेल तरच छापायचं. बायकोला, नीलाला, निश्चय सांगितला. ती म्हणाली, "बरं. पंख्याचा रेग्युलेटर बघणार होता ना?"

६ जानेवारी
तळमजल्यावरच्या मालनताई म्हणतात, मागच्या विहिरीत राणीची नथ आहे. विचारलं, कुठली राणी? साल कोणतं? म्हणाल्या, "तुम्हाला काय करायचंय? घालणार आहात?" नथ खोडली. त्यांनी विरजण देणं बंद केलं. संशोधकाला हे सोसावं लागतं.

८ जानेवारी
तिसऱ्या मजल्यावरचा यज्ञेश म्हणतो, पार्किंगखालून थेट जोगेश्वरीच्या लेण्यांपर्यंत भुयार जातं. स्वतः झाकण उचलून उतरलो. गटार आहे. भुयार खोडलं. दिवसभर घरात कोणी जवळ बसलं नाही.

११ जानेवारी
आज लेखाचा गाभा. आमचे आजोबा भार्गवराव टिपणीस यांनी याच गल्लीत नुसत्या छत्रीने वाघाला पिटाळलं. म्हणून ही वाघगल्ली. नॅशनल पार्क पलीकडेच, आणखी काय हवं? लेख छापून आला की गल्लीला 'भार्गवराव टिपणीस मार्ग' नाव द्या, असा पालिकेकडे अर्ज.

गंधाली म्हणाली, "बाबा, पुरावा?" पोटची पोर! तिला सांगितलं, ही दंतकथा नव्हे, घरची गोष्ट आहे. लाइट गेले की वडील मला मांडीवर घेऊन सांगायचे. वडील क्लार्क, मी क्लार्क. आमच्या घरात पराक्रम म्हणून काय तो हा एकच. त्यालाही पुरावा मागायचा?

१३ जानेवारी
मागतेस काय, घे! प्रत्यक्षदर्शी मिळाली. गल्लीच्या टोकाच्या द्रौपदीआजी, नव्वदीपुढच्या, जन्म इथलाच. मोबाइलवर रेकॉर्ड केलं. "छत्री ना? मारली की! कपाळावर. मी एवढीशी होते, अंगणातून बघितलं." अंगावर काटा आला. पुढे वाघाचं काय झालं, विचारलं. म्हणाल्या, "काय व्हायचंय? घरात आला, आईने हळद दाबली, मग जेवला."

वय झालंय बिचारीचं. हळद आणि जेवण गाळलं.

१४ जानेवारी
गंधालीने रेकॉर्डिंग ऐकलं. बराच वेळ हसली. मग म्हणे, "आजींचं माहेरचं आडनाव विचारलंत?" मुद्दा सोडून बोलायची सवय आईकडून आलेली. लेखात ठासून लिहिलं: 'द्रौपदीआजींची स्मृती लख्ख असून त्यांचा शब्द न् शब्द ग्राह्य धरावा.' खाली नाव. पुढे 'संशोधक'.

२६ जानेवारी, दुपार
झेंडावंदनानंतर प्रकाशन. आजींना प्रमुख पाहुण्या मीच केलं. त्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाल्या, "तो वाघ म्हणजे माझा बाप. गोविंद वाघ. ही सगळी वाडी आमची. ह्यांचा भार्गवराव आमचा फणस चोरताना सापडला. बाबांनी हात धरला, तर मेल्याने छत्री हाणली नि पळाला!"

हशा. टाळ्या. मी उभा राहून ठणकावलं, छत्री सिद्ध झाली आहे! कपाळ सिद्ध झालं आहे! दुरुस्ती फक्त वाघापुरती. मालनताई ओरडल्या, "आणि फणस?" फणसाला पुरावा नाही, मी म्हणालो. त्यावर यज्ञेशने माझाच लेख उघडून मोठ्याने वाचला. शब्द न् शब्द ग्राह्य धरावा.

माघार घेतलेली नाही. जेवलो नाही, ते भूक नव्हती म्हणून.

३० जानेवारी
आजींच्या भावाचा नातू विकी वाघ घरी आला. ते लोक गल्लीला 'गोविंद वाघ मार्ग' नाव मागताहेत. अर्जाला माझा लेख जोडलाय. वॉर्ड ऑफिसातले साहेब म्हणाले म्हणे, इतकं साधार काम क्वचित बघायला मिळतं. संशोधकाची एक सही तेवढी हवी होती.

साफ नाही म्हणणार होतो. वाक्यही तयार होतं. तेवढ्यात तो पाया पडला. म्हणाला, "काका, तुमच्यामुळे पणजोबांचं नाव लागतंय."

पेन काढलं. उमटेना. त्याने स्वतःचं दिलं.