जिभेचा नकाशा

पुलगाव, मंगळवार संध्याकाळ

रिटायर झाल्यावरही शिकत राहायचं म्हणून मोबाइलवर विज्ञानाचा कोर्स लावला. आज त्यातल्या बाई म्हणाल्या, टोकाला गोड, मागे कडू हा जिभेचा नकाशाच चूक आहे. सगळ्या चवी सगळीकडे लागतात. मी तर तो नकाशा तीस वर्षं फळ्यावर काढला.

सहावीतली सुनंदा वर्गात साखर चाखून म्हणाली होती, "मॅडम, मले तं मागंही गोडच लागून राह्यली." मी म्हटलं, पुस्तकात काय लिहिलंय ते वाच. वर्ग हसला. त्यानंतर तिने हात वर केलाच नाही. आता बाजारात भाजी घेऊन बसते, मला पाहून अजून वाकून नमस्कार करते. कशासाठी करते?

मघाशी चिमूटभर साखर जिभेच्या मागे ठेवली. गोड लागली.

तीस वर्षं साखर घरातच होती. एकदा तरी चाखून काऊन नाई पाह्यली मी?