अनाथ ग्राही

सालमिया, कुवेत
मे २००८

लाडक्या कौमुदी,

परवा इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी ठणकावून सांगितलं, "माझी लेक पुण्यात अनाथ ग्राहींवर काम करते!" खाली उतरले तर मालनवहिनी म्हणतात, "सुमनताई, आश्रमातल्या मुलांना कपडे पाठवू का?"

"अहो, मुलं कसली! ग्राही म्हणजे सूत्रकृमी नावाच्या बारीक किड्याच्या पेशीच्या केंद्रकातलं, संप्रेरकाचा निरोप झेलणारं प्रथिन. त्याला चालना देणारं संप्रेरक अजून सापडलेलं नाही, म्हणून अनाथ. पण ते नसेल तर कृमीच्या पोटातली अंड्यांची पिशवी नीट घडत नाही."

"म्हणजे त्याला कुणी बोलावतच नाही, की बोलावलेलं आपल्याला कळत नाही?"

ते कुणालाच ठाऊक नाही, म्हटलं.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, तो ग्राही नसलेले कृमी आत्ता कुठे हाती आलेत. पण तू 'ये' म्हण, सगळं सोडून महिनाभर येते." मी म्हटलं, "काम टाकून यायचं नाही!"

मुलींनी संशोधनात मागे हटू नये, हे मी व्यासपीठावरून सांगत आले. ते मला आजही तितकंच खरं वाटतं. पण बाबा अहमदीला तेलकंपनीत कामावर गेले की घरात एसीची घरघर तेवढी उरते. "आंघोळीला किती वेळ लावतेस!" म्हणून मी जिच्यावर ओरडायची, तीसुद्धा नाही.

ये गं. एवढंच लिहायचं होतं.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तू पुन्हा विचारशील, मी पुन्हा 'नको' म्हणेन. माझं बोलणं लोकांना पटतं. तुलाही पटेल.

तुझीच,
आई