काळ थबकला म्हणे!

दादा,

तुझं परीक्षण वाचलं. "तिच्या गिरकीत काळ थबकला, चांदणं श्वास रोखून उभं राहिलं." अरे, माझा गुडघा दगा देत होता, म्हणून वादकांनी लय उतरवली! पहिल्या रांगेत बसून तुला दिसलं नाही? की दिसलं, म्हणूनच चांदणं?

सकाळपासून येरझाऱ्या घालतेय. हे पत्र पाकिटात घालते, परत काढते. नाचणं थांबवू का, एवढंच साध्या शब्दांत सांग ना.

आईला तुझं परीक्षण वाचून दाखवलं. मी गुडघ्याचं अवाक्षर काढलं नव्हतं. तिने डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "दादा एवढं गोड बोलतोय म्हणजे काहीतरी लपवतोय. कुठे लागलं गं तुला?"

तुझी,
लंगडणारी धाकटी