अर्ध्या वाटेवरचा आकडा

५ नोव्हेंबर १९५१, सोमवार

आलो एकदाचा, आणि जागा बघून जीव सुखावला. विरारहून टांग्याने आगाशी, पुढे केळीच्या वाड्यांतून पाऊलवाट आणि टोकाला दिनानाथशेठचा टॉनिकचा कारखाना. कारखाना म्हणजे चार पडव्या आणि एक खोली. पण त्या खोलीत आम्लता मोजणारा, बॅटरीवर चालणारा पीएच मीटर आहे. सेकंडहँड असला म्हणून काय झालं, आमच्या साताऱ्यात कुणी चित्रातसुद्धा पाहिला नसेल.

नोकरी मिळाली ती हिलरीमुळे. कॉलेजात तो माझ्यापुढे दोन वर्षं होता, ब्युरेट धरायला त्यानेच शिकवलं. इथला केमिस्ट तोच होता. आठ महिन्यांपूर्वी डोळ्यांत चुना उडाला आणि दोन्ही डोळे गेले. मला बोलावण्याचं पत्र त्याने दुसऱ्याकडून लिहवून घेतलं. आपल्या जागेवर मित्राला बसवायला काळीज लागतं. माझ्याने झालं नसतं, खोटं कशाला बोलू? राहायलाही त्याच्याच घरी आहे, कारखान्याला लागून.

शेठ बागाईतदार, बोलायला गोड. वाडीतल्या केळ्यांचं आसव करून ते शक्तिवर्धक म्हणून विकतात. दारूबंदी आल्यापासून खप चौपट झालाय. राज्यात एकाएकी अशक्तपणाची साथ आली म्हणायची, असं मी म्हणालो. शेठ हसले, पण पुरते नाही.

६ नोव्हेंबर

इथली एक रीत मजेशीर आहे. संध्याकाळी पाच वाजता नव्या पिंपातलं पहिलं माप केमिस्टने सगळ्यांसमोर उभं राहून प्यायचं. ज्याने तपासलं तोच प्याला म्हटल्यावर गिऱ्हाइकाला शंका राहत नाही, असं शेठ म्हणतात. मी ऐटीत प्यालो. घशाला जरा जास्तच चटका बसतो.

आसव गोड असल्यामुळे केमिस्टच्या लघवीतली साखर रोज तपासायची, अशीही रीत असल्याचं हिलरीने सांगितलं. सकाळी बाटली त्याच्याकडे द्यायची, तो ती डॉक्टरांकडे पोचवतो.

बाटल्या धुणाऱ्या भागूबाईला विचारलं, तुम्ही घेता का हे टॉनिक? ती म्हणाली, "आमचे घरान कोनी पीत नाय." आणि पाणी ओतायला लागली. फटकळ बाई आहे.

९ नोव्हेंबर

हिलरी मला कामाला लावतो आणि मी लागतो, जुनी सवय. दुकानांतून परत आलेलं आंबलेलं आसव तो मागच्या पडवीत उकळतो, वाफ थंड करून जमवतो आणि अकरा वाजता ते स्वच्छ पाणी बिनचिठ्ठीच्या बाटलीतून माझ्यापुढे ठेवतो. त्यात कुठलं आम्ल आहे ते मी ओळखायचं. कुठलं असेल असं त्याला वाटतं ते सांगत नाही, म्हणतो, तुझं तू काढ.

काम मोठं झकास. ब्युरेटमधून कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडायचा आणि दर खेपेला मीटरचा काटा टिपायचा. आम्ल पुरतं मरायला जेवढा सोडा लागतो, त्याच्या निम्मा पडलेला असताना पीएच किती, एवढंच पाहायचं. हा अर्ध्या वाटेवरचा आकडा ज्या त्या आम्लाचा आपापला असतो. आसव आंबलं तर व्हिनेगर व्हायला हवं, म्हणजे पावणेपाच. मला येतो पावणेचार. तीन दिवस, तीनही वेळा.

पावणेचार म्हणजे फॉर्मिक. मुंगळा चावल्यावर आग होते ती ह्याच आम्लाने. केळ्यांत ते येणार कुठून? हिलरीला सांगितलं. तो म्हणाला की आलेख काढ, तारीख घाल, खाली सही कर.

१२ नोव्हेंबर

डोकं ठणकतं. काट्याकडे पाहताना डोळ्यांपुढे धुरळा आल्यासारखा होतो. फार बारीक रेघा वाचल्या की होतंच. हिलरी रोज विचारतो, आज कसं दिसतंय? घरच्यासारखी काळजी करतो बिचारा. आम्ल वाढत चाललंय, पहिल्या दिवसाच्या दुप्पट सोडा लागला.

१५ नोव्हेंबर

उठायला उशीर झाला, लघवीची बाटली द्यायची राहिली. अकरा वाजता नमुना आला नाही. विचारलं तर हिलरी म्हणाला की आज काही उकळलंच नाही.

मागच्या पडवीत आंबल्या आसवाची पाच पिंपं उभी होती. मी स्वतः पाहिली.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

बाटली दिली. नमुना आला. पावणेचार.

मनात आलंय ते लिहायला लाज वाटते. हिलरीबद्दल असं मनात यावं? पण केमिस्टने शंका आली की प्रयोग करावा, हेही त्यानेच शिकवलं. उद्या बाटलीत विहिरीचं पाणी घालीन आणि थोडं व्हिनेगर. रंगाची फिकीर नाही. त्याला कुठे दिसतंय.

पाच वाजता नव्या पिंपाचं माप. कालच्यापेक्षा जहाल. सगळे बघत होते, प्यालो.

१७ नोव्हेंबर, शनिवार

अकरा वाजता नमुना. काट्याला डोळा टेकवून वाचावं लागलं. तीनदा वाचलं.

पावणेपाच. व्हिनेगर.

म्हणजे रोज मी ओळखत होतो ते माझ्याच लघवीतलं आम्ल. आणि माणसाच्या अंगात फॉर्मिक तयार होतं ते एकाच गोष्टीने — लाकडाच्या स्पिरिटने. पॉलिशवाले वापरतात ते. आसवाचा चटका त्याचाच, शेठ नशेसाठी ते मिसळतो. डोळे जातात त्याने.

हिलरीला गाठलं. त्याने नाही म्हटलं नाही. व्हिनेगरचा वास आला होता म्हणाला, पण उकळलं, मला ओळखता येतं का ते पाहायला. चुना वगैरे काही उडालाच नव्हता. त्याचे डोळे पाच वाजताच्या मापाने गेले, आणि हा चोरून दारू प्यायचा असं शेठने गावभर केलं. आंधळ्या दारुड्याचं कोर्टात कोण ऐकणार? त्याला दुसरा माणूस हवा होता. धडधाकट, कुणी बोट दाखवू नये असा. त्या माणसाच्या अंगात आम्ल चढताना त्यानेच मोजलेलं, त्याच्याच अक्षरात. तुझ्याइतका चोख हात कुणाचा नाही, म्हणाला. हे त्याने कौतुकाने सांगितलं.

मला आधी सांगायचं नाहीस का, असं विचारलं. म्हणाला, सांगितलं असतं तर तू प्याला नसतास.

ह्या माणसाला मी भाऊ मानत होतो.

खायचा सोडा वेळेवर पोटात गेला तर आम्ल मरतं, कधीकधी डोळे वाचतात. कारखान्यातल्या फळीवर सोड्याची बरणी नाही. हिलरीने हलवली. सोडा घेतलास तर आकडा बिघडेल, म्हणतो. उद्या सकाळची एकच बाटली दे, मग सोडा देतो.

बाजाराकडे निघालो. वाट दिसेना — सगळं दुधात बुडाल्यासारखं. कुंपणाशी पडलो, ओकलो. त्यानेच हात धरून घरी आणलं. आंधळ्याने मला.

१८, रविवार

उजाडलं असावं. घंटा वाजली. गाव चर्चमध्ये मिस्सेला गेलंय, कारखाना बंद. हाका मारल्या, कोणी नाही.

काही दिसत नाही. ओळी एकीवर एक पडत असतील, पडू देत.

बाटली दिली. आता सोडा दे म्हटलं, तर म्हणतो, हे उकळून होऊ दे आधी —

भिंत धरून कारखान्यात आलोय. फळीवर हात फिरवला. कोपऱ्यात दोन बरण्या सापडल्या, दोन्हींत पांढरी पूड असणार, दोन्ही सारख्या लागतात. चाखायची छाती नाही, एकीत विष असू शकतं. पण व्हिनेगर वासाने सापडलं. सोडा असेल तर व्हिनेगरमध्ये फसफसेल. ते तर ऐकू येईल.

पहिली चिमूट — काही नाही.

दुसरी. कान पेल्याला लावला. काही नाही.

दारात कोणी आहे. हिलरी. म्हणतो, दोन्ही नव्हेत. सोडा माझ्या मुठीत आहे, नमुना उकळून झाला, आता घे. रडतोय. व्हिनेगरचा पेला पुढे केला, यात टाक म्हटलं. म्हणतो, पेल्यात वाया कशाला, एवढाच उरलाय, तोंड उघड, वेळ चाललाय तुझा —

आवाज तोच, कॉलेजातला. ब्युरेट सरळ धर म्हणायचा तो.

बोटं ओठांना लागली. उघडावं की