मामानं पाठवलेला डोंगर

४ ऑगस्ट १९९६, डेन्व्हर

मामा आज स्वतःहून बोलला! जेवताना, मामीसमोर. 'अतुल, अठरा तारखेला सुट्टी घे. आमची मित्रा डोंगरावर जाणार आहे. वर तळं आहे म्हणे. तूही जा तिच्यासोबत.'

मी विचारलं—दोघंच?

'मग काय वरात न्यायची आहे?' मामी म्हणाली. पण हसली नाही. पोळी वाढत राहिली.

दीड वर्ष झालं इथं येऊन. दीड वर्ष मोटेलात लोकांच्या चादरी धुतोय, संडास घासतोय. रविवार आला की मामाकडे जेवण, आणि हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून तेच ऐकायचं—'पुस्तक उघडलंस का? दहावी तरी हो रे!' कशासाठी सहन केलं? आई म्हणायची, 'मामाची संघमित्रा तुहीच हाय. तुह्या मामानं जबान देल्ली हाय मले.' त्या जबानीवर विमानात बसलो. मामाला मी कधी विचारलं नाही. पोरानं कसं विचारायचं? हे मोठ्यांनीच काढायचं असतं.

आज काढलं!

९ ऑगस्ट

डोंगराचे बूट मिळाले. एक गोरा खोलीत विसरून गेला होता. मोटेलवाले काका म्हणाले, 'महिना झाला, कोणी मागायला आलं नाही, घे.' मोठे होतात. दोन-दोन मोजे घालीन.

१७ ऑगस्ट

काय बोलायचं ते घोकतोय. शाळेत असं घोकलं असतं तर कलेक्टर झालो असतो.

१९ ऑगस्ट

काल लिहवलं नाही. आज लिहितो.

पहाटेच निघालो. गाडी मित्रानं चालवली. मातीचा रस्ता संपला तिथं गाडी लावली आणि तिथूनच चढ सुरू. आमच्या उमरेडकडं चढ म्हणजे रेल्वेचा पूल! दोन वळणांत छाती भरली. ती पाठीवर पिशवी टाकून बकरीसारखी पुढे. मधेच वळून विचारायची—'यू ओके, दादा? पाणी पी.'

दादा! कितीदा सांगितलं, नुसतं अतुल म्हण. इथं वाढली, सगळ्यांनाच दादा म्हणते—अशी मी मनाची समजूत घालत आलो.

झाडं खुजी होत गेली, मग संपलीच. नुसता दगड आणि वारा. ऑगस्ट महिना, तरी वाटेच्या कडेला बर्फ! टाचेवरचा फोड फुटला. डोकं ठणकत होतं. आणि एकदम तळं. तीन बाजूंनी कडे, मधे ते पाणी—हिरवट, तळाचा गोटान् गोटा दिसतो असं. म्हटलं, इथंच बोलायचं. तोंड धुतलं. दात वाजले.

तीच आधी बोलली.

'दादा, आत्याला वाटतं ना, की आपलं लग्न... आय मीन, यू अँड मी.'

म्हटलं, हो.

'आय कान्ट. तू माझा भाऊ आहेस. मला ते इतकं—' पुढचा शब्द तिनं गिळला. तोंडावर मात्र दिसला. किळस.

'भाऊ कसा? मामाची पोरगी बहीण कशी होईल? आपल्यात तर हेच लग्न आधी बघतात.'

'आपल्यात म्हणजे कोणात? मी इथे जन्मले, यार!'

'मग मामानं कशाला पाठवलं दोघांना?'

ती बुटाची नाडी ओढत बसली. 'बाबाच म्हणाले, तू सांग. त्यांना जमत नव्हतं. मला वाटलं, इथे सांगितलं तर तुला... इट्स सो प्रिटी हिअर.'

प्रिटी! नकार ऐकवायला मला बारा हजार फुटांवर आणलं! सोफ्यावर बसून ऐकला असता की, चहाबरोबर!

उठलो आणि शिखराकडे निघालो. ती मागून ओरडत होती—'ढग येतायत! दुपारी वर जायचं नसतं! दादा!' दादा म्हणाली म्हणून आणखी जोरात गेलो. वर वाट नाही, नुसते दगडांचे ढीग. हातापायांनी चढलो. रडलो असेन. वाऱ्यानं सुकवलं.

टोकावर काय होतं? काही नाही. कोणीतरी रचलेली दगडांची चळत, आणि चहूकडे आणखी डोंगर. तिथं उभं राहून मामाला शिव्या दिल्या. मोठ्यानं, अस्सल वऱ्हाडीत. मग कडाडलं. डोक्यावरचे केस उभे राहिले—खरंच उभे! गारा सुरू झाल्या. बसून, घसरत, ढुंगण सोलत उतरलो.

वाटलं होतं, ती निघून गेली असेल. तळ्याशीच होती. मोठ्या दगडाच्या आडोशाला, ओठ निळे.

'मूर्खा! मेला असतास तर आत्याला मी काय सांगणार होते?' खांद्यावर एक ठेवून दिली. मग अर्धं सँडविच पुढे केलं. खाल्लं. एवढं झालं तरी भूक लागतेच, मेली!

घरी पोचलो. मामा दारातच उभा. माझ्या बुटांकडे बघून विचारतो—'कसा होता व्ह्यू?'

म्हटलं, 'छान. तुम्हीच यायला पाहिजे होतं.'

मामी आत निघून गेली.

२१ ऑगस्ट

मामाचा फोन आला होता. काकांना म्हटलं, सांगा, चादरी धुतोय.

२५ ऑगस्ट

रविवार. मामाकडे गेलो नाही. मोटेलात महिनाभर राहून गेलेला राजीव आता दूर दक्षिणेत, अर्विंगला असतो. त्याच्या ओळखीच्या किराणा दुकानात माणूस पाहिजे. म्हणाला, 'ये, यार, इथं सगळं सपाट आहे.' जातो. बायको मिळाली असती, इथं राहायचे कागद मिळाले असते, माणसासारखा राहिलो असतो—सगळं त्या एका माणसाच्या शब्दावर टांगलं होतं. शब्द फिरवणारा माणूस मला दहावीचं पुस्तक उघडायला सांगतो! आणि कोणाच्या फोटोखाली बसून! मरेपर्यंत त्याचं तोंड पाहणार नाही.

२६ ऑगस्ट

निघायच्या आधी उमरेडला फोन लावला, शेजारच्या गुरुजींकडे. आईला बोलावलं. तिच्या भावाबद्दल मनात होतं नव्हतं ते सगळं बोललो. तिनं बोलू दिलं. मग म्हणाली—'तुह्या मामानं जबान देल्लीच नव्हती. तवाच म्हणला, पोरगी नाई देत, पण पोराले पाठव, मी शिकवतो. तुले सांगू नको म्हून मीच त्याले हात जोडले होते. खरं सांगतलं असतं, तर तू गेला असता का?'

नसतो गेलो.